घरात आले फोटोचे यंत्र

(साक्षरता वर्गापुढे केलेले भाषण)



गुरुजी मला म्हणाले, तुझ्या घरी ते फोटो छापायचं यंत्र आहे, त्याविषयी दोन शब्द बोल. मी काही फार शिकलेली नाही. याच वर्गात, त्या खांबाजवळ बसून मी अक्षरं गिरवली आहेत. तेव्हा चुकलं-माकलं तर सांभाळून घ्या.

यंत्राचं नाव प्रिंटर. मोबाईलमधला फोटो तो कागदावर उतरवतो. तुम्ही म्हणाल, मोबाईलमध्ये फोटो दिसतोच, मग कागद कशाला? मीही असंच म्हणत होते.

माझे वडील 2019 साली वारले. त्यांचे फोटो पुष्कळ होते. कळंबला चिंतामणीच्या दर्शनाला गेलो तेव्हाचे होते. पोळ्याला बैलाच्या पाठीवर हात ठेवून उभे होते, तो होता. सगळे भावाच्या मोबाईलमध्ये. एक दिवस भाऊ विहिरीवर मोटर पाहायला वाकला आणि वरच्या खिशातला मोबाईल पाण्यात गेला. तिसऱ्या दिवशी तो वर काढला. दुकानदाराने उघडून पाहिला आणि मान हलवली. मोबाईल नवा घेता आला. फोटो काही आले नाहीत.

घरात उरला फक्त मतदान ओळखपत्रावरचा फोटो. फोटोचं हे ओळखपत्र आपल्या देशात 1993 पासून सुरू झालं. वडिलांचा जन्मातला पहिला फोटो तोच. शाळेच्या भिंतीपुढे उभं करून काढलेला, डोळे अर्धे मिटलेले. तो मी तालुक्याला नेला आणि म्हटलं, मोठा करून द्या. मोठा केला तर चेहराच दिसेना, नुसते ठिपके. का, ते सांगते. फोटो म्हणजे बारीक बारीक ठिपके असतात. चांगला छापायचा तर एका इंचाच्या ओळीत तीनशे ठिपके लागतात. एका एकराचं ज्वारीचं बी दहा एकरांत फेकलं तर पीक विरळ दिसणारच. लहान फोटोत ठिपकेच थोडे. ताणून ते वाढत नाहीत.

आपल्यासारख्यांचे फोटो जुन्या काळी निघतच नव्हते. मुंबईत फोटो काढणाऱ्यांची मंडळी 1854 साली स्थापन झाली होती, पण ते काम साहेबांचं आणि श्रीमंतांचं. पुढे 1894 साली राजा रविवर्म्याने मुंबईत चित्रांचा छापखाना काढला. तिथली लक्ष्मी-सरस्वतीची चित्रं गरिबाच्या भिंतीवरही आली. देव आले, पण घरच्या माणसाचा चेहरा भिंतीवर नव्हता. आता मात्र प्रत्येक अर्जाला फोटो चिकटवावा लागतो.

त्या फोटोसाठीच बचत गटातून कर्ज काढून मी प्रिंटर घेतला. हिशेब ऐका. मुलीच्या शाळेच्या अर्जाला फोटो हवा, म्हणून मी एकदा तालुक्याला गेले. फोटोचे पन्नास गेले. बायांना एसटीचं तिकीट 2023 पासून अर्धं झालं आहे, तरी दोघींचे जाण्यायेण्याचे पैसे लागलेच. शिवाय निंदणाची मजुरी बुडाली. आता घरी काय लागतं? अर्जाचा फोटो साडेतीन सेंटिमीटर रुंद आणि साडेचार सेंटिमीटर उंच असतो. चार इंच बाय सहा इंचाच्या एका कागदावर असे आठ फोटो बसतात. कागद आणि शाई धरून मला दहा रुपयांच्या आत खर्च येतो. भिंतीला पांढरी चादर लावते, माणसाला सावलीत उभं करते, चेहरा सरळ समोर. झालं काम.

पण यंत्र घेतलं आणि सुख झालं, असं नाही. पहिल्या उन्हाळ्यात माझी बाळंत बहीण आजारी पडली. मी तिच्याकडे दीड महिना राहिले. प्रिंटर तसाच पत्र्याखालच्या खोलीत. आपल्याकडचं मे महिन्याचं ऊन तुम्हाला सांगायला नको. परत येऊन फोटो छापला तर माणूस हिरवा! कापसावर फवारणी करून पंप न धुता ठेवला की नोझल कसं बसतं? तसंच झालं. या यंत्रात केसाहूनही बारीक छिद्रं असतात. पिवळी, गुलाबी, आकाशी आणि काळी, अशा चार शाया त्यांतून कागदावर उडतात. या चारांतूनच सारे रंग होतात. माझी गुलाबी शाई वाळून बसली होती. यंत्राला स्वतःची छिद्रं साफ करायची सोय असते, पण त्यात शाई फार जाते. चार वेळा साफ केलं तेव्हा माणसाचा रंग माणसासारखा झाला.

तेव्हापासून दर सोमवारी काही काम नसलं तरी मी एक रंगीत पान छापते. यंत्र बटणानेच बंद करते. एकदम पिन ओढली तर छिद्रांवर झाकण बसत नाही आणि शाई वाळते.

माझ्या दारव्ह्याच्या मावसभावाकडे दुसऱ्या तऱ्हेचा लहान प्रिंटर आहे. त्यात ओली शाई नसते, रंगाची पट्टी असते. कागद चार वेळा आतबाहेर होतो. तीन वेळा तीन रंग उष्णतेने कागदात उतरतात आणि चौथ्या वेळी वर पारदर्शक थर बसतो. फोटो हातात येतो तो कोरडाच. वाळून बसायची भीती नाही. पण एका फोटोला वीस-पंचवीस रुपये पडतात. आणखी एक गोष्ट. वापरलेल्या पट्टीवर फोटोची उलटी छाया राहून जाते. कोणाच्या लेकीसुनेचा फोटो, कोणाचं आधारकार्ड, नीट पाहिलं तर ओळखू येतं. म्हणून ती पट्टी उकिरड्यावर फेकू नये, बारीक कापून टाकावी.

पोरं मला म्हणतात, काकू, पाचशेची नोट छापून पाहू का? मी कान पिळते. गंमत म्हणूनही ते करू नये, तो मोठा गुन्हा आहे.

आता एक शेवटची हकीकत. आपल्या जिल्ह्यात कितीतरी घरांत तरण्या माणसाच्या फोटोला हार घातलेला दिसतो. अधिक बोलायला नको. अशाच एका घरची बाई माझ्याकडे आली. म्हणाली, "बाई, मले यायचा फोटो मोठा करून दे वो. वर्षश्राद्ध आलं." तिच्या मोबाईलमध्ये एकच फोटो, कोणाच्या तरी लग्नातला, दहाजणांत उभा. मी छापला तर पुसटच आला. मला वडिलांचा फोटो आठवला. मग विचारलं, हा काढला कोणी? तर पुतण्याने, तो पुण्याला कंपनीत आहे. आपण व्हॉट्सॲपवर फोटो पाठवतो ना, तेव्हा लवकर जावा म्हणून तो लहान केला जातो. ठिपके गळतात. मी पुतण्याला फोन केला. म्हटलं, फोटो म्हणून पाठवू नको, डॉक्युमेंट म्हणून पाठव, म्हणजे मूळचा जसाच्या तसा येईल. रात्री फोटो आला. नऊजण बाजूला काढले. एकटा चेहरा मोठा केला, चकचकीत कागदावर छापला. रात्रभर वाळू दिला, कारण ओला फोटो काचेला चिकटतो. सकाळी तिला बोलावलं.

तिने कितीतरी वेळ पाहिला. मग म्हणाली, "हे तं हसून रायले. मले वाटे, त्या दिवशी यायनं मले रागानंच पाह्यलं." लग्नात त्यांचं काही भांडण झालं होतं म्हणे. लहान फोटोत ते हसू दिसलंच नव्हतं.

मी तिला सांगितलं, खिडकीसमोरच्या भिंतीवर लावू नको, उन्हाने रंग उडतो. तिने तो चुलीपासून लांब, धान्याच्या कोठीवर लावला आहे. मूळ फोटो मी माझ्याकडेही ठेवला आहे आणि दुसरी प्रत तिच्या लेकीच्या सासरी पाठवली आहे.

पोळा जवळ आला आहे. बैलांबरोबर फोटो काढाल, तर ते मला सोमवारी सकाळी आणून द्या.