लाकडाच्या गॅसवर इंजिन : आधी हिशोब, मग ड्रम

(नभोवाणी भाषणाचा मजकूर)



रावेत, पुनावळे, गहुंजे या पवनाकाठच्या शिवारात फिरताना हल्ली एक प्रश्न कानावर येतो. "साहेब, चाकणकडच्या कारखान्यांतली खोक्यांची लाकडं मिळतात. ती ड्रमात जाळून धुरावर इंजिन चालतं म्हणे. मग वीज घरीच का करू नये?"

इंजिन चालतं, हे खरं. पण ते धुरावर नाही, गॅसवर चालतं. धूर आणि गॅस यांतला फरक ज्याला कळला, त्याचं इंजिन टिकतं. ज्याला कळला नाही, त्याचे व्हॉल्व्ह डांबराने चिकटून बसतात. म्हणून आज हा फरक समजून घेऊ.

ही विद्या नवी नाही. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलचं रेशनिंग झालं, तेव्हा आपल्या देशात कोळशाच्या गॅसवर मोटारी आणि बसगाड्या धावल्या. एकट्या स्वीडनमध्ये अशी सुमारे ७० हजार वाहने होती. युद्ध संपलं, पेट्रोल मिळू लागलं आणि लोकांनी त्या भट्ट्या काढून टाकल्या. कारण त्यांना रोजची निगा फार लागे.

आपल्या शेजारी, सातारा जिल्ह्यात फलटणला, निंबकर कृषी संशोधन संस्था आहे. तेथे डॉ. अनिल राजवंशी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० नंतरच्या दशकात वरून उघडी असलेली लाकडाची गॅसभट्टी तयार केली आणि तिच्यावर ५ अश्वशक्तीचा डिझेल पंपसंच चालवून पाहिला. तो अनुभव १९८९ साली प्रसिद्ध झाला. केंद्र सरकारनेही १९८७ च्या सुमारास अशा पंपांसाठी अनुदानाची योजना काढली होती. पण लाकूड फोडणे, वाळवणे, गाळणी साफ करणे हा रोजचा उद्योग जमला नाही, आणि त्यातले बरेच संच पुढे बंद पडले.

भट्टी चालते कशी?

चुलीत लाकडाला भरपूर हवा मिळते, म्हणून ते पूर्ण जळतं. गॅसभट्टीत हवा मुद्दाम कमी देतात. हवा आणि लाकूड वरून खाली येतात. मधल्या पट्ट्यात १००० अंश सेल्सिअसच्या आसपास उष्णता होते. तिच्याखाली लाल निखाऱ्याचा थर असतो. लाकडातून सुटलेलं डांबर या निखाऱ्यातून जाताना फुटतं आणि खालून जळाऊ गॅस बाहेर पडतो. गॅस वरून काढला, तर डांबर न फुटता तसंच बाहेर येतं. तो झाला धूर. इंजिनासाठी ती भट्टी कामाची नाही.

खाली निघालेला गॅसही लगेच इंजिनात सोडायचा नाही. आधी राख खाली बसवायची, मग लांब नळीतून गॅस गार करायचा, मग तो गाळणीतून काढायचा. परीक्षा सोपी आहे. इंजिन बंद करून सगळं गार झाल्यावर गाळणीनंतरची नळी उघडा आणि आतून पांढरं फडकं फिरवा. फडकं चिकट काळं निघालं, तर इंजिनाला हात लावू नका. आधी भट्टी दुरुस्त करा.

लाकूड कोणतं?

बाभूळ, सुबाभूळ, वेडी बाभूळ चांगली. तुकडे दोन-तीन बोटं जाडीचे हवेत. भुसा आणि पाचट या भट्टीत अडकून बसतं. लाकडातलं पाणी शेकडा २० पेक्षा कमी पाहिजे. दोन तुकडे एकमेकांवर आपटले की टणटण वाजले पाहिजेत. आपल्या मावळपट्टीच्या पावसात उघड्यावरचं लाकूड उपयोगाचं नाही. ते उन्हाळ्यातच वाळवून पत्र्याखाली रचावं.

खोक्यांचं लाकूड घेताना खिळे काढा. रंग दिलेलं लाकूड, प्लायवूड आणि रोमन अक्षरांत 'एमबी' असा शिक्का असलेली फळी घेऊ नका. तिला विषारी औषधाची धुरी दिलेली असते. 'एचटी' शिक्क्याची फळी नुसती तापवलेली असते, ती चालते. आणि हो, रावेत १९९७ पासून महापालिकेत आहे. तेव्हा झाडाला कुऱ्हाड लावण्याआधी वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी घ्यावी लागते.

हिशोब मांडा

डिझेल इंजिनात ठिणगी नसते, म्हणून थोडं डिझेल लागतंच. ५ अश्वशक्तीचं इंजिन नुसत्या डिझेलवर तासाला साधारण सव्वा लिटर पितं. गॅस जोडला की तासाला सुमारे ४ किलो लाकूड आणि पाव ते अर्धा लिटर डिझेल लागतं. म्हणजे ४ ते ५ किलो वाळलेलं लाकूड एक लिटर डिझेल वाचवतं. आता लाकडाची किंमत, फोडण्याची मजुरी आणि राख काढणाऱ्या गड्याचा वेळ एका बाजूला लिहा. एक लिटर डिझेलचा भाव दुसऱ्या बाजूला लिहा. उत्तर आपलं आपल्याला मिळेल.

याच इंजिनावर पट्ट्याने जनरेटर फिरवला, तर हाती दोन-अडीच किलोवॉट वीज येते. पण मोठी मोटर सुरू होताना कितीतरी पट करंट ओढते. मोठी कडबाकुट्टी त्यावर उचलणार नाही. उलट दोन दिव्यांसाठी भट्टी मंद चालवली, तर निखारा थंडावतो आणि डांबर वाढतं. दिव्यांना सौर पॅनेल बरं. भट्टीला सलग, भरपूर काम हवं.

जिवाची काळजी

आता सगळ्यात महत्त्वाचं ऐका. या गॅसमध्ये शेकडा २० च्या आसपास कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला वास नाही, रंग नाही. आधी डोकं दुखतं, मग गरगरतं, मग माणूस बसल्या जागी झोपतो तो उठत नाही. म्हणून पुढील नियम मोडू नका.

१. भट्टी आणि इंजिन उघड्यावर किंवा चारी बाजूंनी मोकळ्या छपराखाली ठेवा. बंद पंपघरात कधीही नको. काम संपल्यावरही भट्टी बराच वेळ गॅस सोडत असते, म्हणून तिच्याजवळ निजू नका.

२. लाकूड भरताना तोंड भट्टीवर नेऊ नका. मुलांना जवळ येऊ देऊ नका.

३. कोणाचं डोकं दुखू लागलं, तर त्याला ताबडतोब मोकळ्या हवेत न्या आणि दवाखान्यात पोहोचवा.

४. जनरेटर घराच्या वायरिंगला जोडायचा तर चेंजओव्हर स्विच हवाच, तोही परवानाधारक वायरमनकडून बसवलेला. नाहीतर आपली वीज उलटी लाइनवर जाते आणि खांबावरचा वायरमन प्राणाला मुकतो.

५. गॅस पाण्याने धुतला, तर ते काळं पाणी ओढ्यात सोडू नका. रावेतच्या बंधाऱ्यावरून पिंपरी-चिंचवड शहर पिण्याचं पाणी उचलतं. त्यापेक्षा कोरडी गाळणी वापरा. तिच्यातले खराब झालेले लाकडाचे तुकडे वाळवून पुन्हा भट्टीतच जाळता येतात.

मग करावं काय?

फलटणच्या संस्थेनेच पुढे उसाचं पाचट आणि चिपाड यांच्या गॅसवर उष्णता मिळवण्याची भट्टी तयार केली. यात शहाणपण आहे. गॅस नुसता जाळायचा असला, तर थोडं डांबर चालून जातं, कारण तेही जळतं. म्हणून ज्याला हा उद्योग शिकायचा आहे, त्याने उघड्यावर पाणी तापवण्यापासून किंवा वाळवणीच्या भट्टीपासून सुरुवात करावी. फडकं स्वच्छ निघू लागलं, की पंप जोडावा. पंप एक हंगाम नीट चालला, तरच जनरेटरचा विचार करावा. आणि लाकूड विकत आणावं लागत असेल, तर सौर पंपाची चौकशी आधी करावी.

आधी उष्णता, मग पाणी, मग वीज. हा क्रम सांभाळा आणि इंजिनाआधी माणूस सांभाळा.

रामराम!