संकेतस्थळ असावे कामाचे

(अधिकारी, शिक्षक व पंचायत सदस्य यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



संकेतस्थळांच्या रचनेसंबंधी चार शब्द बोलणार आहे. विषय तांत्रिक आहे. परंतु तो तंत्रज्ञांच्या हवाली करून आपण मोकळे व्हावे, असा मात्र नाही. संकेतस्थळ तयार करणारा ते तयार करतो. ते कोणत्या कामासाठी, कोणाच्या सोयीने आणि कोणत्या भाषेत असावे, याचा निर्णय शेवटी आपल्यासारख्यांच्या सहीने होतो.

प्रथम एक अनुभव सांगतो. काही वर्षांपूर्वी एका कार्यालयाच्या संकेतस्थळास मान्यता देणाऱ्या समितीत मी होतो. सभागृहातील मोठ्या पडद्यावर आम्ही ते पाहिले. वर सरकती चित्रे होती, मान्यवरांची छायाचित्रे होती, रंगसंगती आकर्षक होती. आम्ही समाधानाने मान्यता दिली. पुढे एका तालुक्याच्या गावी सेवा केंद्रात बसलो असता एक शेतमजूर भगिनी मुलीच्या प्रवेशासाठी उत्पन्नाचा दाखला मागावयास आल्या. केंद्रचालकाने त्यांचा अर्ज त्याच संकेतस्थळावर भरावयास घेतला. जन्मतारीख त्याने मराठी अंकांत लिहिली. अर्जाच्या शेवटी बटण दाबताच इंग्रजीत एक लाल ओळ उमटली आणि भरलेला सर्व मजकूर नाहीसा झाला. त्याने दुसऱ्यांदा भरला, पुन्हा तेच. तेव्हा त्या म्हणाल्या, "दादा, कागदावर लिहून दिला अर्ज, तर नाही का चालायचा?" त्यांचा त्या दिवसाचा रोज बुडाला आणि दाखला मिळाला नाही. चूक त्यांची नव्हती, केंद्रचालकाचीही नव्हती. ती आमच्या समितीची होती. आम्ही पडदा पाहिला होता. अर्ज भरून पाहिला नव्हता.

आजच्या व्याख्यानाचे सार एवढेच आहे. ज्या संकेतस्थळावर आलेल्या माणसाचे काम पुरे होते, तेच संकेतस्थळ चांगले. रचनेची सर्व तंत्रे या एका कसोटीसाठी आहेत.

साधेपणाचा वारसा

जिनिव्हाजवळील सर्न या संशोधन संस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ साली विश्वजालाची योजना मांडली. पहिले संकेतस्थळ १९९१ साली सुरू झाले आणि १९९३ साली सर्नने हे तंत्र सर्वांना विनामूल्य खुले केले. त्या पहिल्या पानावर चित्र नव्हते, सजावट नव्हती. मथळे, मजकूर आणि दुवे एवढेच होते. सर्नने ते पान २०१३ साली पुन्हा उपलब्ध करून दिले. आजच्या भ्रमणध्वनीवरही ते उघडते आणि पडद्याच्या रुंदीप्रमाणे मजकूर आपोआप मांडला जातो. याचा अर्थ असा की, विश्वजालाचे पान मुळातच सर्वांना वाचता येण्याजोगे असते. ते अवघड होते ते आपण त्यावर लादलेल्या गोष्टींमुळे.

पुढे ठराविक रुंदीची पाने करण्याचा प्रघात पडला. भ्रमणध्वनी आले तेव्हा ती पाने लहान पडद्यावर मावेनात. यावर ईथन मार्कोट यांनी २०१० साली एक पद्धती मांडली. पानाचे स्तंभ मोजपट्टीने न ठरवता प्रमाणात ठरवावेत, चित्रे जागेप्रमाणे लहानमोठी व्हावीत आणि पडद्याच्या रुंदीनुसार मांडणी बदलावी, ही तिची तीन अंगे होत. आज ही पद्धती सर्वमान्य आहे. ग्रामीण भागातील नागरिकापाशी बहुधा भ्रमणध्वनीच असतो. म्हणून नमुना प्रथम लहान पडद्यासाठी करावा व मागाहून मोठ्यासाठी वाढवावा. नुसता छायाचित्रांचा भार कमी केला, तरी दुर्बळ जोडणीवर पान लवकर उघडते.

प्रथम गरज, मग मांडणी

ब्रिटनमध्ये २०१२ साली शासनाचे एकत्रित संकेतस्थळ सुरू झाले आणि निरनिराळ्या खात्यांची व संस्थांची शेकडो संकेतस्थळे हळूहळू त्यात विलीन करण्यात आली. ते उभारणाऱ्यांनी नागरिकाच्या गरजेपासून आरंभ करावा, हे पहिले तत्त्व मानले. वरवर पाहता ही गोष्ट साधी वाटते. परंतु आपल्या अनेक संकेतस्थळांचे मुखपृष्ठ पाहा. तेथे कार्यालयाची रचना दिसते. आस्थापना शाखा, लेखा शाखा, नियोजन शाखा. नागरिकाला शाखा ठाऊक नसते. त्याला काम ठाऊक असते. "जन्माचा दाखला", "घरपट्टी भरणे", "पाणीपुरवठ्याची तक्रार" असे शब्द त्याच्या तोंडी असतात आणि दुव्यांवर तेच असावेत. ग्रामपंचायतीत सर्वाधिक कोणत्या कामासाठी लोक येतात, हे ग्रामसेवक व सदस्य यांना पाठ असते. ती दहा कामे कागदावर उतरवावीत. मुखपृष्ठाचा आराखडा तोच.

गरजेचा क्रम चुकला म्हणजे काय होते, याचे उदाहरण अमेरिकेतील आहे. तेथील आरोग्य विम्याचे शासकीय संकेतस्थळ १ ऑक्टोबर २०१३ रोजी खुले झाले. पहिल्या दिवशी अवघ्या ६ जणांची नोंदणी पूर्ण झाली, असे नंतर उघड झालेल्या टिपणांवरून दिसले. कारणे अनेक होती. त्यांतील एक असे की, विमा योजना नुसत्या पाहावयाच्या असल्या तरी आधी खाते उघडण्याची सक्ती होती आणि त्याच दारावर सारी गर्दी अडली. माहिती आधी, नोंदणी मागाहून आणि ती खरोखर लागेल तेव्हाच, हा त्यातील धडा.

अर्जाची रचना

नागरिकाची खरी परीक्षा अर्जात होते. म्हणून याविषयी थोडे विस्ताराने सांगतो.

जी माहिती निर्णयास लागत नाही, ती विचारू नये. प्रत्येक चौकटीला कायम दिसणारे नाव असावे. चौकटीच्या आत फिकट अक्षरांत लिहिलेली सूचना टंकलेखन सुरू होताच नाहीशी होते आणि काय विचारले होते ते विसरते. लांब अर्ज एका पानावर न मांडता टप्प्याटप्प्याने मांडावा व प्रत्येक टप्पा जतन व्हावा. कोणती कागदपत्रे लागतील, हे शेवटी न सांगता आरंभीच सांगावे. वेळेची मर्यादा असल्यास ती संपण्यापूर्वी सूचना द्यावी व मुदत वाढवून घेण्याची सोय ठेवावी.

चूक झाल्यास संदेश चुकलेल्या चौकटीपाशीच यावा, मराठीत यावा आणि दुरुस्ती कशी करावी हे त्याने सांगावे. "अवैध नोंद" हा संदेश काहीच सांगत नाही. "भ्रमणध्वनी क्रमांक १० अंकी हवा, आपण ९ अंक लिहिले आहेत" हा संदेश काम पुढे नेतो. बरोबर भरलेला मजकूर मात्र कोणत्याही परिस्थितीत पुसला जाता कामा नये. मराठी अंक इंग्रजी अंकांत बदलून घेणे संगणकाला क्षणाचे काम आहे. ते ओझे नागरिकावर टाकण्याचे कारण नाही. त्या भगिनींचा दिवस एवढ्याशा उणिवेपायी वाया गेला, हे मी विसरू शकत नाही.

मराठीचा प्रश्न

एके काळी आपल्याकडे मराठी मजकूर अशा टंकांत लिहिला जाई की, संगणकाच्या लेखी ती इंग्रजी अक्षरेच असत, फक्त त्यांचे रूप देवनागरी दिसे. तो टंक दुसऱ्या संगणकावर नसला की, पानावर निरर्थक रोमन अक्षरे उमटत. असा मजकूर शोधता येत नाही आणि वाचक आज्ञावलीला उच्चारता येत नाही. युनिकोडमध्ये देवनागरीला १९९१ पासून स्वतंत्र स्थान आहे. म्हणून सर्व मजकूर युनिकोडमध्येच असावा आणि जुन्या टंकांतील दस्तऐवज रूपांतरित करून घ्यावेत.

पानाची भाषा मराठी आहे, अशी नोंद त्याच्या सांकेतिक लेखनात अवश्य करावी. त्यामुळे वाचक आज्ञावली मराठी उच्चार निवडू शकते आणि ज्या टंकांत सोय आहे, त्यांत "ल" व "श" ही अक्षरे मराठी वळणाने उमटतात. आणखी एक बारकावा सांगतो. प्रचलित साठवण पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात. "ज्ञानेश्वर" या नावात अशी १० चिन्हे आहेत, म्हणजे ३० बाइट. इंग्रजीचा हिशेब धरून नावासाठी ३० बाइट राखून ठेवले, तर आडनावाला जागाच उरत नाही आणि दाखल्यावर नाव अर्धवट छापले जाते.

सर्वांसाठी म्हणजे सर्वांसाठी

दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा अधिनियम २०१६ साली झाला. अंकीय सेवांपर्यंत पोहोचणे हा जीविताच्या हक्काचाच भाग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ रोजी स्पष्ट केले. शासकीय संकेतस्थळांसाठी केंद्र शासनाची मार्गदर्शक तत्त्वे २००९ पासून असून त्यांची तिसरी आवृत्ती २०२३ ची आहे. तेव्हा ही बाब सौजन्याची नसून कर्तव्याची आहे.

त्यातील बरेचसे काम खर्चाचे नाही. दृष्टिहीन व्यक्ती वाचक आज्ञावलीच्या साहाय्याने पान ऐकते. एनव्हीडीए ही अशी आज्ञावली विनामूल्य मिळते. ऐकणारा मथळ्यावरून मथळ्यावर जातो. म्हणून मथळा नुसता ठळक न करता मथळा म्हणूनच नोंदवावा. चित्राला वर्णन जोडावे. सर्व कामे माउसशिवाय केवळ कळफलकाने व्हावीत. अक्षर व पार्श्वभूमी यांतील उजेडाचे गुणोत्तर जागतिक मानकानुसार साधारण मजकुरासाठी किमान ४.५ : १ असावे, फिकट करड्या अक्षरांचा त्रास वृद्धांनाही होतो. आणि परिपत्रकाचे नुसते छायाचित्र काढून ते चढवू नये. जे संगणकावर टंकलिखित झालेले आहे, ते छापून, पुन्हा त्याचे चित्र करून प्रसिद्ध करणे म्हणजे वाचता येणारी गोष्ट न वाचता येणारी करणे होय. दृष्टिहीन शिक्षकाला आपल्याच बदलीचा आदेश दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागावा, हे आपल्याला शोभणारे नाही.

पाहणी व निगराणी

संकेतस्थळ सुलभ आहे की नाही, हे समितीच्या चर्चेत कळत नाही. याकोब निल्सन यांनी २००० साली असे प्रतिपादन केले की, अवघ्या ५ जणांना वापरावयास देऊन पाहिले, तरी बहुतेक मोठ्या अडचणी उघड होतात. तेव्हा एकच मोठी पाहणी करण्यापेक्षा लहान पाहण्या वारंवार कराव्यात. याला यंत्रसामग्री लागत नाही. एक शेतकरी, एक गृहिणी, एक निवृत्त गृहस्थ, एक विद्यार्थी आणि एक दिव्यांग व्यक्ती यांना त्यांच्याच भ्रमणध्वनीवर एक काम करावयास सांगावे आणि आपण शेजारी गप्प बसावे. सुचवू नये, समर्थन करू नये. ते कोठे थांबतात तेवढे लिहून घ्यावे. ही पाहणी कागदावरील आराखड्यावरही करता येते आणि तेव्हाची दुरुस्ती सर्वांत स्वस्त पडते.

उद्घाटनानंतरची निगराणी ही स्वतंत्र जबाबदारी आहे. प्रत्येक पानाला एक जबाबदार कर्मचारी व अद्ययावत केल्याची तारीख असावी. मुदत संपलेली योजना पानावर राहिली, तर कोणी तरी भाडे खर्चून कार्यालयात येतो आणि रिकाम्या हाताने परततो. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ अन्वये अधिसूचित सेवा ठरलेल्या मुदतीत मिळणे हा नागरिकाचा हक्क आहे; पण जो अर्ज दाखलच होऊ शकला नाही, त्याची मुदत सुरूच होत नाही. म्हणून किती अर्ज निकाली निघाले याबरोबरच किती अर्ज अर्ध्यावर सोडले गेले, ही संख्याही दरमहा पाहावी.

मित्रहो, माझी आपणास एक विनंती आहे. यापुढे एखादे संकेतस्थळ मान्यतेसाठी आपल्यासमोर येईल, तेव्हा सही करण्यापूर्वी स्वतःच्या भ्रमणध्वनीवर एक अर्ज आरंभापासून अखेरपर्यंत भरून पाहा. पंचायत सदस्यांनी गावातील एखाद्या आजींना शेजारी बसवून तो भरून पाहावा. शिक्षकांनी विद्यार्थ्यांकडून आपल्या ग्रामपंचायतीच्या पानांतील तुटलेले दुवे व अवघड शब्द टिपून घ्यावेत. मुलांचा अभ्यास होईल आणि गावाचे काम होईल. अर्ध्या तासाचे हे काम त्या दिवशी आमच्या समितीने केले असते, तर एका कष्टकरी भगिनीला कागदावर अर्ज चालेल का, असे विचारण्याची वेळ आली नसती.