बॉम्बे रक्तगट : डॉ. भेंडे यांचे संशोधन आणि आपले रक्तदान



महावीर जयंतीला ठिकठिकाणचे जैन संघ रक्तदान शिबिरे भरवतात. विश्रांतवाडीच्या रहिवाशांना शिबिराचे नवल उरलेले नाही, आणि अनेकांच्या पाकिटात रक्तगटाचे कार्डही असते. त्यावर 'ओ' अशी नोंद असली की "आपले रक्त कोणालाही चालते" असे समाधानाने सांगितले जाते. ते बव्हंशी खरेही आहे. परंतु 'ओ' अशी नोंद झालेला प्रत्येक मनुष्य 'ओ' गटाचाच असतो असे मात्र नाही. ही गोष्ट जगाच्या प्रथम लक्षात आणून दिली ती मुंबईच्या डॉक्टरांनी, १९५२ साली. त्यांची नावे आपल्या घरांतून फारशी ठाऊक नसावीत, ही खेदाची बाब आहे.

रक्तगटांचा शोध व्हिएन्नाच्या कार्ल लँडस्टायनर यांचा. त्यांचा निबंध १९०१ मध्ये प्रसिद्ध झाला आणि १९३० साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. रक्तातील लाल पेशींच्या पृष्ठभागावर शर्करेच्या सूक्ष्म खुणा असतात. काहींवर 'ए', काहींवर 'बी', काहींवर दोन्ही, आणि 'ओ' गटात या दोन्हींपैकी एकही नाही. जी खूण आपल्या पेशींवर नसते तिच्याविरुद्धची प्रतिद्रव्ये आपल्या रक्तद्रवात असतात. शरीराच्या प्रतिकारशक्तीचाच हा एक भाग आहे. 'ओ' गटाच्या पेशींवर हरकत घेण्याजोगे काही नाही, म्हणून त्या सर्वांना चालतात, अशी समजूत पन्नास वर्षे निर्वेधपणे चालत आली होती.

मुंबईच्या सेठ गोर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयातील डॉ. वाय. एम. भेंडे यांच्यापुढे जे रक्त आले ते या समजुतीत बसेना. पेशी तपासाव्यात तर 'ए' नाही, 'बी' नाही, अर्थात 'ओ'. पण त्याच रक्ताचा द्रव 'ओ' गटाच्या पेशींत मिसळताच त्या पेशींच्या गुठळ्या होत. एखाद्याने नमुना खराब झाला म्हणून तो फेकून दिला असता. डॉ. भेंडे, डॉ. सी. के. देशपांडे व डॉ. एच. एम. भाटिया यांनी तसे केले नाही. लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमधील रूथ सँगर, रॉबर्ट रेस, वॉल्टर मॉर्गन व विनिफ्रेड वॉटकिन्स या मान्यवर शास्त्रज्ञांच्या साहाय्याने त्यांनी या रक्ताचा उलगडा केला आणि मे १९५२ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात निबंध प्रसिद्ध केला. निबंध जेमतेम दोन पानांचा! आज जगभरच्या रक्तपेढ्यांत या गटास 'बॉम्बे' म्हणतात. १९९५ मध्ये शहराचे अधिकृत नाव मुंबई झाले, रक्तगटाचे मात्र तेच राहिले.

उलगडा असा. साडीला काठ लावायचा तर आधी कापड हवे. 'ए' व 'बी' हे जणू दोन रंगांचे काठ. ते ज्यावर शिवायचे त्या कापडाचे नाव 'एच'. 'ओ' गटाच्या माणसाजवळ काठ नाही, परंतु कापड भरपूर आहे. 'बॉम्बे' गटात कापडच नाही. मग वडिलांकडून 'बी'चा काठ वारशाने आलेला असला तरी तो लावणार कशावर? आणि 'एच' स्वतःजवळ नसल्यामुळे शरीर त्यालाच परके मानते व त्याविरुद्ध प्रतिद्रव्ये तयार ठेवते.

अशा रुग्णास साधे 'ओ' रक्त चढविल्यास काय घडते, ते समजून घेणे आवश्यक आहे. प्रतिद्रव्ये नवागत पेशींवर तुटून पडतात, रक्तातील पूरक प्रथिने जागी होतात आणि त्या पेशी रक्तवाहिन्यांच्या आतच फुटू लागतात. बाहेर पडलेले हिमोग्लोबिन मूत्रपिंडांना इजा करते, रक्तदाब कोसळतो, बारीक रक्तवाहिन्यांत गुठळ्या धरू शकतात. जे रक्त प्राण वाचविण्यासाठी दिले तेच प्राणावर बेतते.

हा गट युरोपात अंदाजे १० लाखांत एकाचा, तर भारतात साधारण १०,००० मध्ये एकाचा आढळतो. म्हणजे पुण्यासारख्या महानगरात अशी शेकडो माणसे असणार, आणि त्यांतील कित्येकांच्या कार्डावर निर्धास्तपणे 'ओ' लिहिलेले असणार. केवळ पेशींची तपासणी केली तर हा भेद कळत नाही. रक्तद्रवाची उलट तपासणी 'ओ' पेशींसह केली, तरच तो उघड होतो. चांगल्या रक्तपेढ्या ती करतात. घाईने काढलेल्या कार्डाचा भरवसा धरू नये.

हा गट आई व वडील दोघांकडून दोष आल्यासच उतरतो. म्हणून एका व्यक्तीत तो आढळला की सख्ख्या भावंडांची तपासणी अवश्य करावी. प्रत्येकात तो असण्याची शक्यता चारांत एक असते. यातून आणखी एक गोष्ट निघते. आईची नोंद 'ओ', वडील 'ए' आणि मूल 'एबी' असे दिसले, तर पूर्वीच्या हिशोबाने ते अशक्य ठरे व नसती शंका उभी राहू शकत असे. 'ओ' भासणाऱ्या एका मातेला 'एबी' गटाची मुलगी असल्याचा अमेरिकेतील दाखला फिलिप लेव्हिन व सहकाऱ्यांनी १९५५ मध्ये प्रसिद्ध केला. 'बी'चा वारसा आईपाशी होताच, तो केवळ दिसत नव्हता. कोणाच्याही शीलाविषयी बोलण्यापूर्वी प्रयोगशाळेला विचारावे.

लाल पेशी शीतपेटीत फार तर ४२ दिवस टिकतात. अतिशीत तापमानात त्या वर्षानुवर्षे ठेवता येतात, पण तशी सोय सर्वत्र नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निकालानुसार १९९८ पासून पैसे घेऊन रक्त देण्याची प्रथाही बंद झाली, आणि ते योग्यच झाले. त्यामुळे अशा रुग्णास खरा आधार राहतो तो हाकेला धावून येणाऱ्या दात्याचा. आपल्याकडे गुप्तदानाची थोरवी मोठी मानतात. परंतु 'बॉम्बे' गटाच्या दात्याने येथे गुप्त राहू नये. रक्तपेढीच्या दुर्मीळ दात्यांच्या यादीत नाव व दूरध्वनी क्रमांक नोंदवावा आणि क्रमांक बदलल्यास तोही कळवावा. पुरुषास ३ महिन्यांनी व स्त्रीस ४ महिन्यांनी पुन्हा रक्त देता येते. अशा व्यक्तीची शस्त्रक्रिया आधीच ठरलेली असेल, तर डॉक्टरांच्या सल्ल्याने तिचे स्वतःचेच रक्त काही आठवडे अगोदर काढून तिच्यासाठी राखून ठेवता येते.