धर्मशाळेतील भामटा



यात्रेच्या वाटांवर पुण्यशील माणसे धर्मशाळा बांधीत. वाटसरूकडून दमडीही न घेता तेथे आसरा मिळे. त्या उदारतेचा लाभ घेऊन एखादा भामटाही तेथे पथारी पसरी. इंटरनेटवरील विनामूल्य संकेतस्थळ-सेवांची कथा अशीच आहे. १९९४ साली अमेरिकेत उभ्या राहिलेल्या जिओसिटीजने सामान्य माणसाला स्वतःचे पान फुकट मांडू दिले. १९९९ मध्ये ती याहूने विकत घेतली. २००९ मध्ये तिची अमेरिकेतील सेवा बंद झाली. मधल्या काळात असंख्य हौशी लोकांनी तेथे पाने उभारली आणि स्पॅम पाठविणाऱ्यांनी त्याच जागेत सापळे लावले. आजही विनामूल्य सेवांचा असा गैरवापर होतोच.

यामागील हिशेब साधा आहे. कुप्रसिद्ध संकेतस्थळाचा दुवा असलेला ई-मेल गाळणी अडविते. नामांकित सेवेवरील पानाचा दुवा मात्र सहज निसटतो. कारण त्या सेवेचा सरसकट पत्ता अडविला, तर हजारो प्रामाणिक पानेही अडकतील. ते पान वाचकाला क्षणात भलतीकडे नेऊन सोडते. एक पान हटविले, तरी दुसरे उभारण्यास खर्च नाही.

अशा वेळी बहुतेक गृहस्थ दोन चुका करतात. काही जण संतापून उत्तर धाडतात. प्रेषकाचे नाव बहुधा बनावट असते. शिव्या तिसऱ्याच निरपराध माणसाला पोहोचतात. ‘यादीतून नाव वगळा’ या दुव्यावर टिचकी मारल्यास हा पत्ता जागता असल्याची खात्री भामट्याला मिळते. इतर जण ई-मेल पुसून मोकळे होतात. त्यांचे घर वाचते. परंतु तेच पत्र शेजारच्या निवृत्त शिक्षकांची आयुष्यभराची पुंजी नेऊ शकते.

खरा मार्ग तिसरा: धर्मशाळेच्या व्यवस्थापकाला कळविणे. अशा तक्रारींसाठी ‘अब्यूज’ या नावाची टपालपेटी ठेवावी, असा संकेत १९९७ च्या आरएफसी २१४२ या दस्तऐवजात नमूद आहे. अनेक सेवांनी त्यासाठी स्वतंत्र तक्रार-अर्जही ठेवले आहेत. दुवा न उघडता त्याचा संपूर्ण पत्ता उतरवून घ्यावा आणि ई-मेलचे पूर्ण हेडर सोबत जोडावे. टपालाच्या पाकिटावर शिक्के पडतात, तशी वाटेतील प्रत्येक सर्व्हर त्यात आपली नोंद करतो. खालच्या नोंदी बनावट असू शकतात. स्वतःच्या सेवादात्याच्या सर्व्हरने केलेली नोंद विश्वसनीय असते.

बँकेचे सोंग घेऊन पैसे लुबाडले गेल्यास क्षणही न दवडता १९३० या क्रमांकावर दूरध्वनी करावा. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ ड नुसार अशा तोतयेगिरीस तीन वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. दुव्यामागे बालकांच्या लैंगिक शोषणाची चित्रे आढळल्यास ती ‘सावध करण्यासाठी’ म्हणूनही कोणाला पाठवू नयेत. कलम ६७ ब अन्वये प्रसारण हाच गुन्हा आहे. राष्ट्रीय सायबर गुन्हे तक्रार पोर्टलवर केवळ पत्ता कळवावा. तेथे नाव न देताही अशी तक्रार करता येते.

भामटा शिरला म्हणून धर्मशाळेला टाळे ठोकावयाचे नसते. उतरलेल्या प्रत्येकाने डोळे उघडे ठेवावयाचे असतात. एका तक्रारीस पाच मिनिटे लागतात. समाजासाठी वेळ देण्याचा संस्कार ज्या घरात आहे, त्या घराला ही पाच मिनिटे जड वाटू नयेत.