जे दिसत नाही ते कळतही नाही



आरंभी एक लहानसा प्रयोग करू. डावा डोळा मिटा. दोन्ही हात समोर लांब करून अंगठे शेजारीशेजारी उभे धरा. उजव्या डोळ्याने डाव्या अंगठ्याकडेच पाहत राहा आणि उजवा अंगठा सावकाश उजवीकडे न्या. वीतभर जाण्याच्या आतच त्याचे टोक नाहीसे होईल. आणखी पुढे नेले, की पुन्हा दिसू लागेल.

हा आपला अंधबिंदू. फ्रेंच शास्त्रज्ञ मारियॉत याने तो १६६८ साली जगापुढे मांडला. डोळ्यातील मज्जातंतू एकत्र होऊन जेथून मेंदूकडे निघतात, तेथे प्रकाश टिपणाऱ्या पेशीच नाहीत. पण खरे नवल पुढेच आहे. त्या जागी आपल्याला काळे भोक दिसत नाही. भोवतालच्या रंगरूपावरून मेंदू ती जागा बेमालूम सारवून टाकतो!

काचबिंदूच्या नेमके हेच पथ्यावर पडते. या रोगात तीच नस हळूहळू मरते; बहुधा डोळ्यातील दाब वाढून, पण कधी तो न वाढताही. दृष्टीचा आवाका प्रथम बाजूबाजूने झिजतो. मध्यभाग बहुधा शेवटपर्यंत टिकतो. बारीक अक्षर वाचता येते, सुईत दोरा ओवता येतो. मग डोळ्यांत दोष आहे असे कोण म्हणेल? एका डोळ्याची उणीव दुसरा भरून काढतो. पुढे पायरीला ठेच लागते, बाजूने आलेली सायकल दिसत नाही, तेव्हा आपण बोल लावतो वयाला.

आपल्याकडे आणखी एक घोटाळा होतो. ‘मोतीबिंदू असेल, पिकू द्या,’ म्हणून माणसे थांबून राहतात. मोतीबिंदूत डोळ्याचे भिंग गढूळ होते. ते बदलता येते. मेलेली नस बदलता येत नाही. थेंब, लेसर, शस्त्रक्रिया यांनी उरलेली दृष्टी राखता येते. गेलेली परत मिळत नाही.

म्हणून चाळिशीचा चष्मा करायला जाल, तेव्हा अक्षरांचा तक्ता वाचून समाधान मानू नका. डोळ्यातील दाब व नस तपासून घ्या. डॉक्टर सांगतील तर दृष्टिक्षेत्रही. आईवडिलांना वा भावंडांना काचबिंदू असेल, तर त्याही आधी जा. दिसेनासे झाल्यावर पाहू, असे म्हणू नका. आपल्याला काय दिसत नाही, हे आपले आपल्याला कळत नाही, याची साक्ष आत्ताच तुमच्या अंगठ्याने दिली आहे.