पक्षकाराचे पहिले वाक्य



अपघातात जायबंदी झालेल्यांची आणि वैद्यकीय हयगयीने नुकसान सोसलेल्यांची वकिली आम्ही करतो. दुसऱ्याच्या दुःखावर जगणारा हा धंदा, असा लोकांचा समज आहे. तो अगदीच निराधार आहे असे आम्ही म्हणणार नाही. तो खरा ठरू न देणे हेच आमचे काम.

आम्ही ह्या वाटेला लागलो ते वडिलांमुळे. ते छापखान्यात कामाला होते. यंत्रात त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटे गेली. चार दिवसांनी मालकाचा कारकून घरी आला, त्याने एक कागद पुढे केला आणि वडिलांनी तो न वाचताच त्यावर डाव्या हाताचा अंगठा उमटवला. त्यांना सही येत होती. पण ती उजव्या हाताने! कामगारांना भरपाई देणारा कायदा १९२३ सालीच झाला होता. आमच्या घरापर्यंत मात्र तो कोणी आणून पोचवला नव्हता.

पुढे कायदा शिकताना एक खटला वाचला, तो मनातून गेला नाही. १९५३ च्या मे महिन्यात रत्नागिरी जिल्ह्यातील पालशेतच्या किनाऱ्यावर एका वीस वर्षांच्या मुलाची मांडी मोडली. त्याला पुण्यास आणले आणि ज्या दिवशी आणले त्याच रात्री तो गेला. पुरेशी भूल न देता जोर लावून हाड बसवले, हे न्यायालयांनी ग्राह्य धरले. मुलाचे वडील स्वतः डॉक्टर. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागला १९६८ साली, आणि नुकसानभरपाई होती ३,००० रुपये. तीन हजारांसाठी कोणी पंधरा वर्षे झगडतो काय? त्या बापाला काय हवे होते, हे ज्याला कळले नाही त्याने ह्या धंद्यात पडू नये.

त्याच निकालात डॉक्टरांची तीन कर्तव्ये सांगितली आहेत: रोगी हाती घ्यावा की नाही हे काळजीपूर्वक ठरवणे, कोणता उपचार करावा हे काळजीपूर्वक ठरवणे, आणि तो काळजीपूर्वक करणे. आम्हाला वाटते, ‘रोगी’च्या जागी ‘पक्षकार’ घातला तर हीच तीन कर्तव्ये वकिलाची होतात.

म्हणून पहिल्या बैठकीत आम्ही रकमेचा विषय काढत नाही. माणसाला बोलू देतो. मग कागद मागवतो. रोग्याने मागितल्यास त्याचे कागद ७२ तासांच्या आत द्यावेत, असा २००२ सालचा नियम आहे. तो पुष्कळांस ठाऊक नसतो. ग्राहक आयोगाकडे जाण्यास मुदत दोन वर्षांची, हेही तेव्हाच सांगून ठेवतो. कागद त्या शाखेच्या जाणत्या डॉक्टरांस दाखवल्यावाचून नोटीस धाडत नाही. भरपाईत वाटा घेणे आपल्याकडे वकिलास मना आहे, आणि ते बरेच आहे. वाटेकऱ्याची नजर जखमेवर राहत नाही.

एकदा एक बाई आल्या. तापाने मूल गेले होते. कागद तपासून झाले. डॉक्टरांकडून कसूर झालेली दिसली नाही. उपचाराला यश आले नाही म्हणजे हयगय झाली, असे कायदाही मानत नाही. आम्ही त्यांना समोर बसवून कोणत्या दिवशी काय झाले, कोणते औषध कशासाठी दिले, ते सारे सांगितले. दावा होत नाही, हेही सांगितले. बाई बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, “एवढंच मला तेव्हा कुणी सांगितलं असतं, तर मी तुमच्या दारी कशाला आले असते?”

फी आम्ही घेतली नाही, हे सांगण्यासारखे नाही. सांगण्यासारखे हे की, आमच्याकडे येणाऱ्या बहुतेकांचे पहिले वाक्य ‘किती मिळतील?’ हे नसते. ‘असं का झालं?’ हे असते. रुग्णालयांनी आणि कारखान्यांनी ह्या प्रश्नाला वेळीच सरळ उत्तर दिले, तर आमचा धंदा निम्मा बसेल. तसा तो बसावा, अशी आमची मनापासून इच्छा आहे.