कुत्र्यांची झुंज सोडविताना



सिल्वासाच्या आसपासच्या पाड्यांवर कुत्रा हा घरातलाच एक मानला जातो. घर, शेत, कोंबड्या यांची तो राखण करतो. तोच दुसऱ्या कुत्र्याशी भिडला की धनी धावून जातो, गळपट्ट्याला हात घालतो आणि नेमका त्याच क्षणी चावा बसतो. झुंजीच्या भरात कुत्र्याला धन्याचा हात ओळखू येत नाही. म्हणून पहिला नियम हा, की दोन तोंडांच्या मध्ये आपला हात कधीही नेऊ नये.

मग करावे काय? प्रथम मुलांना दूर करावे. दुरूनच थाळी अथवा पत्र्याचा डबा जोराने बडवावा. बादलीभर पाणी कुत्र्यांच्या तोंडावर फेकावे. तेवढ्याने न भागल्यास लांब फळी मध्ये सरकवावी किंवा अंगावर घोंगडी टाकावी. काठीने मारू नये; वेदनेने कुत्रे अधिकच चवताळते. एकाने दातांची पकड घेतली असेल तर ओढाओढ करू नये, मांस फाटते. कुत्री पाळीव असतील आणि दोन जाणती माणसे हजर असतील, तरच पकड सुटताच दोघांनी एकाच वेळी एकेका कुत्र्याचे मागचे पाय धरून मागे सरकावे. अनोळखी कुत्र्याच्या बाबतीत हा उपाय मुळीच करू नये.

एवढे करूनही दात लागला, किंवा साधा ओरखडा उठला, तरी तो क्षुल्लक समजू नये. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की रोगी बहुधा वाचत नाही. मात्र वेळीच उपचार झाल्यास हा रोग टळतो. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी. हळद, मिरची, चुना लावू नये. त्याच दिवशी आरोग्य केंद्र अथवा सिव्हिल रुग्णालय गाठावे. पोटातल्या चौदा इंजेक्शनांच्या भीतीने आजही काही जण घरीच बसतात. ती जुनी लस आपल्या देशात २००४-०५ मध्येच बंद झाली. आता थोडीच इंजेक्शने दंडात घ्यावी लागतात. ती सर्व ठरल्या तारखांना पुरी करावीत.

शिक्षकांनी मुलांना हे अवश्य शिकवावे, कारण मार भिऊन मुले चावा लपवितात. प्राणी जन्म नियंत्रण नियम, २०२३ यांनुसार मोकाट कुत्र्यांची नसबंदी व लसीकरण करण्याची जबाबदारी स्थानिक संस्थांवर आहे, तीही अधिकारीवर्गाने ध्यानी घ्यावी. आणि पाळीव कुत्र्यास दरवर्षी लस टोचून घेणे, हे मात्र धन्याचेच काम होय.